ताटलीतलं बूच

दाजी,

काल पलूसहून तुमच्या घरी येताना बाटली मांडीवर आडवी घेऊन आलो. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, चुन्याचा ठिपका वरच्या अंगाला. कराडला गाडी बदलली तर एका बाईंनी उठून जागा दिली. त्यांना वाटलं तान्हं मूल आहे. मी "राहू द्या, राहू द्या" म्हणत बसलोच. पाटण सोडल्यावर वळणं लागली, तसा दोन्ही हातांनी बाटली धरून ठेवली. पंधरा वर्षांपूर्वी तुम्ही याच रस्त्यानं उलटे आला होता, अशीच एक बाटली अशीच मांडीवर घेऊन. तेव्हा कंडक्टरनं विचारलं होतं, "मामा, लेकराचं अर्धं तिकीट काढू काय?" आणि तुम्ही म्हणाला होता, "त्येनं चाळिशी वलांडलीया. पुरं फाड."

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. आज दुपारी ही बाटली मी आणि आक्कानं उघडली. ते सांगतोच. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची राहिलीय. ती तुम्हाला ठाऊक होती, हेही मला ठाऊक होतं. तरी सांगायला हवी होती आणि मी सांगितली नाही.

आमच्या घरात आक्का सगळ्यांत थोरली आणि मी शेंडेफळ, सगळ्यांचा बापू. तुमच्या लग्नात मी तीन वर्षांचा होतो. आष्ट्याच्या मांडवात तुमच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांवर मी खिरीची वाटी सांडली, आणि तुम्ही हातरुमालानं पुसत मला म्हणालात, "असू द्या पाव्हणं." तीन वर्षांच्या पोराला पाव्हणं म्हणण्याचा मान तुम्ही दिलात आणि पुढं बावन्न वर्षांत एकदाही काढून घेतला नाही. मी त्या मानाला जागलो नाही तेव्हाही नाही.

फौजेत तुम्ही मेसमध्ये अब्दार होता. साहेब लोकांच्या वाइनची राखण करायची, वेळ झाली की उघडायची, वाढायची. पोर्टवर तुमचा विशेष जीव. द्राक्षाचा रस अजून आंबत असताना त्यात ब्रँडी ओतून आंबणं मध्येच थांबवतात, म्हणून गोडी शिल्लक राहते, ती पोर्ट. चांगली असली तर माणसाच्या आयुष्याएवढी टिकते. जेवण उरकलं की पोर्टचं काचेचं भांडं टेबलावर येतं आणि डावीकडं फिरत जातं. उजवीकडं द्यायचं नाही, आपल्यापुढं अडवून धरायचं नाही. पेन्शनवर घरी आल्यावर तुम्ही हा कायदा ताकाच्या तांब्याला लावलात. आक्का तुमच्या उजव्या हाताला जेवायला बसायची.

"आवं, मी हितं शेजारी बसलीया, सरळ द्या की तांब्या!"

"न्हाई. फिरून यील."

आणि तो तांब्या सगळ्या पंगतीला वळसा घालून आक्काकडं पोचेपर्यंत रिकामा व्हायचा. आक्का म्हणायची, "तुमचं साहेब आसंच उपाशी मेलं असतील."

मी पुण्याला जाऊन वाइनचा डिप्लोमा केला आणि पलूसच्या बाजूला वायनरीत लागलो, तेव्हा घरात सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. वारकऱ्याच्या घरात दारूचा धंदा, असं थोरले काका म्हणाले. तुम्ही एकटे म्हणालात, "दारू येगळी आन् वाइन येगळी. पाव्हण्यानं नाक चांगलं घितलंय आईचं." तुम्ही मला चव शिकवलीत. माझ्या पुस्तकात ब्लॅकबेरीचा वास लिहिलेला असायचा. मी तो पाठ केला होता. तुम्ही विचारलंत, "खाल्लीया का कवा?" मी नाही म्हणालो. "मग करवंद म्हणा की! पिकल्यालं, उनात तापल्यालं करवंद." त्या दिवसापासून माझ्या जिभेला माझी भाषा मिळाली. काकवी. भाजलेला चिंचोका. जांभळाच्या बीचा तुरटपणा. म्हाताऱ्याच्या कमरेच्या चंचीचा वास. आमच्या वायनरीत येणाऱ्या पाहुण्यांना आजही मी हेच सांगतो, आणि लोक डोळे मिटून मान हलवतात. हे माझं म्हणून सांगतो, दाजी. तुमचं नाव घेत नाही. तेही आज इथं लिहून ठेवतो.

आपलं भांडण मात्र एकाच गोष्टीवरून. जुन्या पोर्टच्या बाटलीत तळाला गाळ बसतो. तुम्ही म्हणायचा, बाटली एक दिवस आधी उभी करा, दुसऱ्या दिवशी मानेखाली मेणबत्ती धरा, आणि हात न हलवता, एका धारेत, दुसऱ्या भांड्यात ओता. मानेशी गाळाचा काळा धागा दिसला की थांबा. मी म्हणायचो, हे सगळं मेसमधलं नाटक आहे. आमच्याकडं गाळण्या आहेत. आमच्या वाइनमध्ये गाळ पडतच नाही.

"म्हणूनच तर," तुम्ही म्हणायचा. "तुमची वाइन इस्त्रीच्या कापडागत हाय पाव्हणं. घडी हाय, पर आंगाला लागल्यालं न्हाई."

मी हसायचो. मनात म्हणायचो, म्हाताऱ्याला काय कळतंय.

तुमच्याकडं एक बाटली होती. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमच्या कर्नलसाहेबांनी दिलेली, विलायतेहून आणलेली. तेव्हाच ती वीस-बावीस वर्षांची होती. साहेब म्हणाले होते, पंचाहत्तरी झाली की उघड. साहेब पुढं वारले, पण तुम्ही शब्द पाळलात. गव्हाच्या भुश्यात, पेटीत, आडवी निजवून ठेवलीत. वरच्या अंगाला चुन्याचा ठिपका, म्हणजे कुणी हलवली तरी पुन्हा त्याच कुशीवर ठेवता यावी. गाळ ज्या बाजूला बसलाय त्याच बाजूला राहावा म्हणून. कोयनेचा धक्का बसला की घरातले सगळे अंगणात पळायचे आणि तुम्ही उलटे पेटीकडं. आक्का अंगणातून ओरडायची, "आवं, त्या बाटलीला काय हुतंय, भिंत पडंल की डोक्यावर!"

आणि एका वर्षी खरंच मागची भिंत चिरली. घर उतरवून नव्यानं बांधायचं ठरलं. तुम्ही बाटली मांडीवर घेऊन पलूसला आलात आणि आमच्या थंड कोठीत, माझ्या हातानं, भुश्यात निजवलीत. म्हणालात, "वरीसभर सांभाळा पाव्हणं. घर झालं की न्हेतो. हितं धक्का बसणार न्हाई."

धक्का बसला तो माझा.

त्याच वर्षी परदेशात शिकून आलेला एक मोठा जाणकार आमच्या मालकांकडं यायचा होता. कोठीचा प्रमुख कुणाला करायचं, हे मालक त्याला विचारून ठरवणार होते. मी आणि आणखी एक जण, दोघांत होतं. मला वाटलं, याच्यापुढं असं काही ठेवावं की त्यानं मान वर करून माझ्याकडं बघावं. तुमची बाटली काढली. दोन पायांच्या मध्ये उभी धरून जीपमधून मळ्यातल्या बंगल्यावर नेली. खडबडीत रस्ता, आणि बाटली घुसळत गेली ताकासारखी. तिथं पोचल्या पोचल्या बूच काढायला गेलो. त्याचा भुगा झाला. अर्धा आत पडला. तशीच सरळ ग्लासात ओतली. तुम्ही शिकवलेलं सगळं मला येत होतं, दाजी. एक दिवस थांबायला हवं हे मला माहीत होतं. पण मला घाई होती, आणि मनातून ते सगळं अजून नाटकच वाटत होतं.

ग्लासात नदीला पूर आल्यावर दिसतं तसं पाणी दिसलं. त्या माणसानं घोट घेतला, रुमालात थुंकला, आणि विचारलं, "कुठली ही?"

मी म्हणालो, "माझी आहे. मीच जपलीय इतकी वर्षं."

मग तो सौम्यपणे म्हणाला, "जपली असती तर अशी आणली नसती."

बाटली गेली याचं मला वाईट वाटतं. पण जास्त वाईट वाटतं ते त्या "माझी आहे"चं. ते वाक्य रात्री अपरात्री नव्हे, भर दिवसा, भाजी निवडताना, स्कूटरला किक मारताना आठवतं. पद मला मिळालं नाही. ते बरंच झालं.

त्या हंगामात मी हौसेनं एका लहानशा पिपात आपल्या द्राक्षांची पोर्ट केली होती. पहिलाच प्रयत्न. मालकांनी हसत परवानगी दिली होती. गाळणीतून काढायला मन झालं नाही. का, ते तेव्हा कळलं नाही. तुमची रिकामी बाटली मी आतून धुतली आणि त्यात ती भरली. पोत्यातलं बूच घेतलं. आमच्या बुचांवर कडेला द्राक्षाच्या पानाचा छाप असतो, पण ते बाटलीच्या मानेत गेल्यावर कुणाला दिसतंय? वरून लाख ओतली. चुन्याचा ठिपका होताच. वर्षानं तुम्ही न्यायला आलात, फडक्यात गुंडाळलीत, आणि मला म्हणालात, "उपकार झालं पाव्हणं."

आता सगळ्यांत वाईट सांगतो. तेव्हा तुम्ही चौसष्ट वर्षांचे होता. बस सुटल्यावर माझ्या मनात आलं, पंचाहत्तरी अजून किती लांब आहे, आणि तिथवर कोण पोचतंय. म्हणजे मी तुमच्या मरणावर भरवसा ठेवून निश्चिंत झालो होतो. असा विचार करणाऱ्या माणसाला तुम्ही दर दिवाळीला स्वतःच्या हातानं चहा करून दिलात.

तुम्ही ठणठणीत पंचाहत्तर झालात. सकाळी औक्षण झालं, दुपारी तुम्ही खिडक्या लावून घेतल्यात आणि मला मेणबत्ती धरायला बसवलंत. बाटली आदल्या दिवसापासून उभी होती. आक्काचा सरबताचा काचेचा जग धुवून ठेवला होता. चुलीत चिमटा तापत होता. एवढं जुनं बूच स्क्रूला दाद देत नाही, म्हणून तापल्या चिमट्यानं बाटलीची मानच मोडायची, ही तुमची तयारी. आधी एकदा स्क्रू लावून बघू म्हणालात. लावला. ओढलात. आणि बूच टप्पकन, सगळंच्या सगळं, नव्या नवरीसारखं बाहेर आलं.

तुम्ही ते बोटांत फिरवलंत. पान दिसलं असणार.

मेसमध्ये बूच ताटलीत ठेवून साहेबांना दाखवायचं असतं. साहेबानं ते बघावं, वास घ्यावा, मगच ओतायचं. हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं. आक्कानं ताटली पुढं केलीही होती. तुम्ही बूच शर्टाच्या खिशात टाकलंत आणि म्हणालात, "चिमटा उतरव गं. नगं आता."

मी मेणबत्ती बाटलीच्या मानेखाली धरली.

"पाव्हणं, ज्योत हलतीया. भूकंप झाला काय?"

मी मेणबत्ती दोन्ही हातांनी धरली. तुम्ही ओतायला लागलात. आयुष्यात इतकी शांत धार मी पाहिली नाही. जग भरत आला, आणि बाटलीच्या मानेशी काळा धागा सरकला. तुम्ही थांबलात. मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं, गाळ माझ्या वाइनचा होता. अकरा वर्षांत बसलेला.

"हे बघा, गाळ धरलाय हिनं," तुम्ही म्हणालात. "म्हंजी जित्ती हाय."

उभं राहून तुम्ही साहेबांच्या नावानं ग्लास उचललात. घोट घेतलात. बराच वेळ तोंडात ठेवलात. मी भिंतीवरच्या पालीकडं बघत होतो.

"साहेब म्हणायचं, हिला परदेशातल्या डोंगराची चव आसती. मला तर वाळव्याच्या गुऱ्हाळाची लागतीया. काकवी. आन् मागनं करवंद." मग माझ्याकडं वळून, "लय चांगली हाय पाव्हणं. लय म्हंजी लय."

त्यानंतर चार वर्षं मी दर भेटीत ठरवून यायचो. बोलायला तोंड उघडायचो आणि उसाच्या तोडीबद्दल बोलून परत जायचो. तुम्हीही कधी विषय काढला नाही. मला वाटायचं, तुम्ही मला वाचवताय. शेवटी कराडच्या दवाखान्यात धीर केला. "दाजी, एक सांगायचं होतं," एवढं म्हणालो. तुमचे डोळे एकदम उघडले, अगदी उत्सुक, लहान मुलासारखे. मग सलाइनकडं बघून म्हणालात, "घरी गेल्यावर सांगा. हितं औषदाचा वास येतोय. कशाचीच चव लागत न्हाई."

घरी तुम्ही आला नाहीत.

तेराव्याला सगळे पांगल्यावर आक्कानं मला आत बोलावलं. तुमच्या मेडलांच्या डबीतून मलमलच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी काढलं. "हे तुजं हाय." आत बूच होतं. द्राक्षाच्या पानाचं.

"तुला माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी सांगितलं त्यांनी. म्हणालं, साहेबाची बाटली पोरानं कुटंतरी घालवली, आन् सोताची भरून ठेवली. मी म्हटलं, बोलवून कान उपटते. तर म्हणालं, नगं. सांगंल त्यो."

"रागावले नाहीत?"

"दोन दिस जेवलं न्हाईत नीट. साहेबाचा फोटू घिऊन बसलं हुतं." आक्कानं डबी मिटली. "तिसऱ्या दिशी हसाय लागलं. म्हणालं, वाइन मातुर फस्क्लास केलीया पाव्हण्यानं. मग चार वरसं एकच धोशा. बापू आला, सांगंल आता. बापू आला, सांगंल आता. मी म्हटलं, तुमीच इचारा की. तर म्हणालं, आपण इचारलं तर लाजंल. त्यानं सांगितलं की मग मागता येतंय."

"काय मागायचं होतं?"

"दुसरी बाटली!" आक्का पदरानं डोळे पुसत हसायला लागली. "म्हणायचं, पिपातनं एकच बाटली कोण भरतंय? दुसरी हाय त्याच्याकडं. नक्की हाय."

होती, दाजी. त्याच दिवशी भरलेली, उरलेल्या वाइनची. माझ्या घरी माळ्यावर, भुश्यात, चुन्याच्या ठिपक्याची. लाजेपायी ती मी पंधरा वर्षं पाहिलीही नव्हती. मी समजत होतो तुम्ही मला माफ करून गप्प आहात. तुम्ही वाट बघत होता. एक वाक्य बोललो असतो तर ती दुसरी बाटली आपण दोघांनी मिळून उघडली असती. हे मला लागतं, आणि गंमत म्हणजे, हेच आठवून बरंही वाटतं. पाप कबूल करायला लावणारे खूप असतात. माझ्या कबुलीवर बाटलीची आशा धरून बसलेला माणूस तुम्ही एकटेच.

तर आज दुपारी. बाटली काल संध्याकाळपासून तुमच्या कोनाड्यात उभी होती. खिडक्या लावल्या. मेणबत्ती आक्कानं धरली. मी ओतायला लागलो तर आक्का म्हणाली, "हात हालतोय तुजा." मी म्हणालो, "कोयनेचा असंल." ती म्हणाली, "व्हय, कोयनेचाच." काळा धागा आला तिथं थांबलो. तुमच्याइतकी धार सरळ नव्हती. दोन-तीन थेंब टेबलावर सांडले.

आक्कानं आयुष्यात पहिल्यांदा चमचाभर चाटून बघितली. "मनुक्याच्या पान्यागत लागतंय. ह्येच्यासाठी एवढं?" मग चमचा पुन्हा पुढं केला.

बूच ताटलीत ठेवलंय, दाजी. दोन्ही बुचं, शेजारी शेजारी, पानं वर करून. तुमच्या खुर्चीसमोर. नीट बघून घ्या. पहिली बाटली मी घालवली. तुमची होती, मी माझी म्हणालो. ही माझी आहे, आणि हिची चव तुमची आहे.

आक्का माझ्या उजव्या हाताला बसली होती. ग्लास पुढं करून म्हणाली, "दे की सरळ हिकडं."

"नाही आक्का," मी म्हणालो. "फिरून येईल."

आणि जग डावीकडं, तुमच्या रिकाम्या खुर्चीपुढं सरकवला. तिथं तो बराच वेळ थांबला. मेसमध्ये असं अडवून धरलेलं चालत नाही. पण आज आक्कानं पुढं केलेला ग्लास खाली ठेवला.